वराचे मामा, वधूचे वडील

निपाणी
२ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस,

आशीर्वाद भरपूर, आणि सोबत एक तक्रार.

प्रूफांचं पुडकं बेळगावच्या गाडीने रोज जातंच, त्यात हे पत्र घालतोय. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू "हो काका, बघते" म्हणतेस आणि ते एक "हो" मला महिनाभर पुरवतेस. कागद मात्र टेबलावर पडून राहतो आणि टोचत राहतो. तुझा बाप गुंडू आणि मी कॉलेजात एका खोलीत राहायचो, तेव्हाही मी त्याच्याकडून कामं चिठ्ठी लिहूनच करून घ्यायचो. विणकराच्या घरात तोंडी सांगितलेलं मागाच्या आवाजात विरून जातं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तर तक्रार. तू आमच्या छापखान्याला जे करून दिलंस, नावं एकदा भरायची आणि मराठी-कानडी दोन्ही लग्नपत्रिका तयार, ते झकास चाललं होतं. मीच जरा शहाणपणा केला. पत्रिकेच्या तळाशी पोरासोरांची 'किलबिल' असते ना, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!", ती तुझ्या यंत्रात नव्हती. म्हणून तुझ्या नियमांसारखाच एक नियम मी माझ्या फायलीत लिहिला. तो चालला. इतका चालला की पत्रिकेतली झाडून सगळी माणसं किलबिलीत गेली. मारुतीराव, सोसायटीचे माजी चेअरमन, दोन्ही गुडघे बदललेले, तेही तळाशी "यायचं हं!" म्हणतायत. प्रूफ घेऊन ते स्वतः आले. त्यांना आवडलं होतं. मुलाला आवडलं नव्हतं म्हणून यावं लागलं, असं म्हणाले.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण आता पाळी माझ्या घरची आहे. आमच्या लेकीचं, राणीचं, लग्न ठरलं. मुलगा मंथन, म्हणजे माझ्या बहिणीचा, जयवंताचाच. आम्ही बहीणभाऊ हे स्थळ आपणच जुळवल्याच्या थाटात फिरतोय. प्रत्यक्षात त्या दोघांनी ते केव्हाच ठरवून ठेवलं होतं आणि आम्हाला कोणी सांगायचं यावरून एकमेकांना ढकलत होते. मामाची मुलगी केली की हल्लीचे डॉक्टर भुवया वर करतात, तेही ठाऊक आहे. दोघं तपासण्या करून आलेत. तो विषय संपला.

मंथन शाळेत असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून पालकाच्या जागी माझी सही. जयवंताला या लग्नात मानपान, हुंडाबिंडा काही नको. अक्षता पडताना तिच्या लेकाच्या पाठीशी मामा उभा असलेला तिला बघायचाय. ती हे बोलून दाखवत नाही, आणि न बोललेलं चुकलं की ती फार दूर जाते. मागे एका बारशाच्या पत्रिकेत तिचं नाव धाकट्या जावेच्या खाली गेलं, तर वर्षभर ती माझ्याशी "बरं" एवढा एकच शब्द बोलली.

तेव्हा ही पत्रिका बिनचूक हवी. मारुतीराव किलबिलीत का गेले ते आधी सांग.

तुझा
सुबरावकाका

*

वडगाव, बेळगाव
४ जानेवारी २०२५

प्रिय काका,

राणीचं अभिनंदन. मंथनचं आधी सांत्वन, मग अभिनंदन. मामा म्हणूनही आणि सासरा म्हणूनही, तो तुम्हाला आता दोन्हीकडून सापडला.

मारुतीरावांचं सांगते. तुमच्या फायलीच्या डोक्यावर एक ओळ आहे, ती माझी मूळ फाईल आत बोलावून घेते. एक्सएसएलटी म्हणतात त्या भाषेत हे लिहिलंय. तिथे एका माणसाला दोन नियम लागू पडले, तर पहिला प्रश्न असा: नियम घरचा की बोलावलेला? घरच्याचं चालतं. बोलावलेला कितीही नेमका असला तरी बाहेर बसतो. तुमचा घरचा नियम म्हणतो, "व्यक्ती असेल तर किलबिल." माझा बोलावलेला म्हणतो, "व्यक्ती असेल आणि तिच्याकडे पद असेल तर प्रमुख उपस्थिती." माझा किती बारकाईचा आहे, हे कोणी विचारलंच नाही. पाहुणा कितीही शिकलेला असो, पंखा कितीवर ठेवायचा हे घरातला माणूस ठरवतो.

दोन्ही नियम एकाच घरातले असते तर मग नेमकेपणा बघितला असता. "कुणीही असो" हा सगळ्यात हलका नियम. "अमुक अट असलेला" हा जड. जड तो जिंकतो.

म्हणून दोन गोष्टी करा. किलबिलीच्या नियमाला वयाची अट घाला, म्हणजे मारुतीराव सुटतील. आणि वडील, मामा, आत्या हे नात्यांचे नियम माझ्या फायलीतून उचलून तुमच्या घरच्या फायलीत आणा, म्हणजे घरचा-बाहेरचा हा वादच नको.

आणखी एक. तुम्ही एकाच माणसाला दोनदा-तीनदा भरता, हे मी बघितलंय. ते पाटलांचे भाऊ एका पत्रिकेत चुलते म्हणून वेगळे आणि सरपंच म्हणून वेगळे होते, आणि दोन ठिकाणी त्यांच्या आडनावाचं शुद्धलेखनही वेगळं होतं. असं करू नका. एक माणूस एकदाच भरायचा, नाती हवी तितकी लावायची.

बाबा म्हणतात, आहेराच्या साड्या आमच्याकडूनच. निपाणीच्या दुकानातून घेतल्यात तर ते अक्षतांना येतील पण जेवणार नाहीत.

राजेश्वरी

*

निपाणी
११ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरी,

तू सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. मारुतीराव वर गेले. (म्हणजे प्रमुख उपस्थितीत. वाक्य परत वाचलं तेव्हा घाम फुटला.)

स्वतःला मी एकदाच भरलं. नाव सुबराव, नाती दोन: वधूपिता, वराचे मामा. इतकी वर्षं लोकांच्या पत्रिकेत असली माणसं मी दोनदा भरत आलो. स्वतःवर पाळी आली तेव्हा वाटलं, मुलगी म्हणते ते खरं, मी काय दोन माणसं आहे?

जाता जाता तुझी एक चूकही दुरुस्त केली. नियम उचलून आणताना बघतो तर तुझ्या फायलीत वधूपित्याचा नियम वर आणि वराच्या मामाचा खाली. पत्रिकेची रीत अशी की वराकडचे वर, वधूकडचे खाली. मी छपाईचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्याचा मुलगा, उलटी चौकट मला बघवत नाही. मामाचा नियम वर घेतला, वडिलांचा खाली. रागावू नकोस, तुम्हा पोरांना संगणक येतो, पण पान येत नाही.

मध्ये यंत्राने पिवळी पट्टी दाखवली, इंग्रजीत काहीतरी. ती मी बंद केली. निपाणीत राहणाऱ्याला सरकारची नोटीस कानडीत येते, बँकेची हिंदीत, विम्याची इंग्रजीत. मी तिन्ही सारख्याच आदराने घडी घालून ठेवतो.

प्रूफ निघालं. "वधूपिता: श्री. सुबराव" ही ओळ वाचली आणि काय झालं कोण जाणे, पुढचं धूसर दिसायला लागलं. हजारो पत्रिका छापल्या, त्या ओळीत आपलं नाव कसं दिसतं हे कधी बघितलं नव्हतं. पुढचं मग वाचलंच नाही. तुझी काकू, मालुबाई, म्हणाली, "रडायचं असंल तर लांब रडा, कागद भिजंल." तसंच पाकिटात घातलं आणि खानापूरच्या गाडीला दिलं. जयवंता बघून खूश होईल.

काका

*

खानापूर
१५ जानेवारी २०२५

श्री. सुबरावजी, व्याही, मुक्काम निपाणी यांस,
श्रीमती जयवंता, वरमाई, यांचा नमस्कार.

पत्रिका कंडक्टरनं आणून दिली. छपाई लई झ्याक. गणपतीचा रंग बी चांगला उठलाय.

वधूचे मामा हाईत. वधूच्या मामी हाईत. पंचायतीचे आजी, माजी आणि भावी सदस्य हाईत. वराचे मामा तेवढे न्हाईत. चष्मा पुसून बघितलं. मंथनकडनं वाचून घेतलं. न्हाईतच.

लेकीचा बाप झाल्यावर भाऊपण फिटलं असंल तर तसं तोंडानं सांगायचं हुतं. आमी काय हात धरला नसता. छापून कशाला कळवायचं?

माझं पोरगं बिनमामाचं उभं ऱ्हाणार न्हाय. सदलग्याच्या ज्योतिबाला निरोप धाडलाय. चुलत का होईना, भाऊच हाय आमचा. त्यो कोट शिवून घेणार हाय.

फोन करू नये. उचलणार न्हाय.

जयवंता

ता. क. सोबत तिळगूळ हाय. त्यो राणीसाठी हाय, तुमास्नी न्हाय.

*

निपाणी
१७ जानेवारी २०२५

राजेश्वरी,

सोबत माझ्या बहिणीचं पत्र जोडलंय, ते आधी वाच. जन्मल्यापासून ती मला "आण्णा" म्हणते. या पत्रात मी "व्याही" झालोय, आणि शेवटाला "जी" लागलाय. त्या "जी"ला जी धार आहे तिने कागद कापता येईल.

प्रूफ पुन्हा बघितलं. तिचं खरं आहे. वराच्या मामाची ओळच नाही. चुकीची नाही, अर्धवट नाही, ओळच नाही! मी तर भरली होती. नाती दोन भरली होती. तुझ्या यंत्राने एक ठेवलं आणि दुसरं गिळलं, आणि गिळताना ढेकरसुद्धा दिली नाही.

दिवसभर फोन लावतोय, ती उचलत नाही. मंथनला लावला. तो म्हणाला, "मामा, मी मध्ये पडत नाही, मला लग्न करायचंय." ज्योतिबाला लावला. ज्योतिबा म्हणाला, "सुबराव, मला काय हौस न्हाय बाबा, पण आक्कानं कापड घेऊन दिलंय."

मालुबाई म्हणते, मूळ चूक माझी. वाचल्याशिवाय पाकिटात घातलंच कसं? ते असू दे. मला आधी हे कळलं पाहिजे की मी वराचा मामा असताना यंत्राने ठरवलं कसं की नाही. एक माणूस एकदाच भरा, हे तूच सांगितलं होतंस.

काका

*

वडगाव, बेळगाव
१९ जानेवारी २०२५

काका,

आत्यांचं पत्र वाचलं. तिळगुळाच्या ओळीला मी हसले, मग हसल्याची लाज वाटली.

यंत्राने ढेकर दिली होती. तुम्ही पिवळी पट्टी बंद केलीत ना, तीच ती. त्यात लिहिलं होतं: या माणसाला दोन नियम सारखेच लागू पडतायत, मला ठरवता येत नाही.

कसं झालं बघा. वडिलांचा नियम: "व्यक्ती, आणि नात्यांत वधूपिता असेल तर." मामाचा नियम: "व्यक्ती, आणि नात्यांत वराचे मामा असेल तर." दोन्ही घरचे. दोन्हींना एकेक अट, म्हणजे वजन सारखं. आजवर ही गाठ पडली नाही, कारण तुम्ही असल्या माणसाला दोनदा भरायचात आणि प्रत्येक नोंदीला एकच नियम लागायचा. या वेळी मी सांगितलं म्हणून एकदा भरलंत, आणि दोन नियम एकाच माणसावर येऊन उभे राहिले. अशी बरोबरी झाली की यंत्र कुरकुरतं आणि फायलीत जो नियम सगळ्यात शेवटी लिहिलेला असेल तो उचलतं. एक माणूस, एक नियम, एक ओळ.

शेवटी कोणता होता? तुम्ही पानाची रीत म्हणून मामाचा नियम वर नेलात, वडिलांचा खाली आणलात. काका, फायलीतला नियम वर नेला म्हणून छापलेली ओळ वर जात नाही. ओळी तुम्ही नावं ज्या क्रमाने भरता त्या क्रमाने येतात. वरच्या नियमाला मान असतो हे तुमच्या खिळ्यांच्या चौकटीत खरं आहे. इथे बरोबरीत खालचा जिंकतो.

अर्धं माझंही चुकलं. नाती हवी तितकी लावा म्हटलं, आणि दोन लावली तर काय होईल ते सांगितलंच नाही. सीमाभागात राहून मामाच्या मुलीशी लग्न लागतं हे मी विसरले, हे बाबांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत.

आता उपाय. नियमाला स्वतःहून वजनाचा आकडा देता येतो. मामाच्या नियमाला दोन द्या. बरोबरी मोडेल, तो जिंकेल. करून बघा. आणि पिवळी पट्टी आली तर कृपा करून मला पाठवा.

राजेश्वरी

*

निपाणी
२२ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरी,

मामाला दोन दिले. वराचे मामा आले. वधूपिता गेले.

या वेळी पाकिटात घालायच्या आधी मालुबाईने वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाली, "पोरगी आभाळातनं पडली व्हय? आई हाय, बाप न्हाय. माझ्याबद्दल लोकं काय म्हनतील?" मग वडिलांना तीन दिले. वडील आले, मामा गेले. मामाला दहा. मग वडिलांना वीस. तेवढ्यात आमच्या वॉर्डातले एक भावी नगरसेवक पत्रिका छापायला द्यायला आले होते, ते मागे उभं राहून बघत होते. त्यांना एवढंच कळलं की इथे आकडा मोठा असला की नाव राहतं. ते म्हणाले, "सुबराव, आमचा किती टाकलाय? शंभर टाका, पैशाची काळजी करू नका." त्यांना कसंबसं चहा पाजून बाहेर काढलं.

मग डोकं धरून बसलो. दोष आकड्यांचा नाही, राजेश्वरी. कितीही टाक, शेवटी तुझं यंत्र मला विचारतं: तू कोण? एकच सांग. आणि हे विचारणारं ते एकटं नाही. जयवंता तेच विचारते. भटजींना विचारलं, तर तेही म्हणाले, वधूपिता वराच्या बाजूला उभा राहत नाही, ज्योतिबा ठीक आहेत.

आपण राहतो तो मुलूखच दोन नियमांत बसतो. एक राज्य म्हणतं माझा, दुसरं म्हणतं माझा, फाईल दिल्लीच्या कोर्टात, आणि आपण इकडे कानडी पाटीच्या गाडीतून मराठी पुडकी पाठवतोय. बरोबरीत अडकायची मला सवय आहे. पण तिथे निकालाला उशीर झाला तरी दळण-पाणी चालू राहतं. इथे सोळा फेब्रुवारीला मुहूर्त आहे, आणि ज्योतिबाच्या कोटाला, ऐकतोय, अस्तर लागलं.

मंथनच्या दहावीच्या निकालाला मी खानापूरला गेलो होतो. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "आपण मुलाचे कोण?" मी म्हणालो, "मामा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एका शब्दात भागलं होतं. आता भागेना झालंय.

काका

*

वडगाव, बेळगाव
२४ जानेवारी २०२५

काका,

आकड्यांचा लिलाव बंद करा. चूक माझी, मी तुम्हाला अर्धंच औषध दिलं.

या भाषेत आणखी एक सोय आहे. जिंकलेल्या नियमाने आपली ओळ छापली की शेवटी त्याला म्हणता येतं: माझं झालं, आता याच माणसाला माझ्यामागचा नियम लावा. मग हरलेला नियम पुढे येतो आणि आपली ओळ छापतो. म्हणजे कोण जिंकलं याने फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढंच ठरतं. कोणी पुसलं जात नाही.

बाबांना हे समजावून सांगत होते, तर ते माग न थांबवताच म्हणाले, "यात नवीन काय? काठात लाल आणि हिरवा धागा एकाच घरावर आले तर वर एकच दिसणार. म्हणून दुसरा कोण कापतो का? त्यो खालनं चालतो, पुढच्या घराला वर येतो." मी या गोष्टीसाठी कंपनीच्या पैशाने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं.

फाईल दुरुस्त करून सोबत पाठवतेय. फक्त एक जागा मोकळी सोडलीय: मामा आधी की वडील आधी, ते तुम्ही भरा. ते मला ठरवता येणार नाही.

आता दुसरी बातमी, ती जास्त महत्त्वाची. परवा जयवंताआत्या आमच्याकडे आहेराच्या साड्या घ्यायला आल्या होत्या. तुमचं नावही काढलं नाही. "निपाणीचे व्याही" असं दोनदा म्हणाल्या. पिशवीत कोटाचं कापड होतं. बाबांनी कापड बघून विचारलं, "हे कुणाला?" म्हणाल्या, "ज्योतिबाला. पहिलं कमी पडलं, म्हणून आणखी घेतलं." काका, ज्योतिबामामांना मी बघितलंय. ते पाटीच्या दांड्याएवढे बारीक आहेत. त्या कापडात ते दोनदा मावतील आणि वर एक उशीचा अभ्रा निघेल. बाबा म्हणाले, "जयवंता, हे माप सुबरावच्या पोटाचं हाय." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी साड्या दाखवा."

तेव्हा पत्रिका नीट छापली तरी ती गाडीवाल्याबरोबर पाठवू नका. स्वतः जा. यंत्राचं भांडण मी मिटवलंय, बाकीचं तुमच्या फायलीत आहे.

राजेश्वरी

*

खानापूर
३० जानेवारी २०२५

आण्णा,

तू घरी पोचल्याचा फोन केला न्हाईस, म्हणून लिवावं लागलं. फोन केला असतास तर उचलला असता. आता उचलायला लागलेय, हे तुला कुणी सांगायचं?

पत्रिका सगळ्यांस्नी दाखवली. शेजारची म्हणाली, "अगं, एकच नाव दोनदा छापलंय, चुकलं व्हय?" म्हटलं, "चुकलं न्हाय. माणूस दोनदा हाय."

तू माझ्या सैपाकघरात उभं राहून जे यंत्राचं सांगितलंस, त्यातलं मला काय बी कळलं न्हाय. पर पहिल्या ओळीत मामा घातलास, ते कळलं.

ज्योतिबाला सांगितलं. त्यो म्हणाला, "बरं झालं, मला फोटोत लाज वाटते." त्याचा कोट तसाच ठेवलाय. अंतरपाट धराय एक माणूस लागतोच.

तुझा कोट शिंप्याकडं दिलाय. पोट आत घेऊन माप देऊ नगंस, मागल्या टायमाला बटण तुटलं हुतं.

जयवंता

*

निपाणी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरी,

तू आणि गुंडू लग्नाला होतात, पण तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात आणि गुंडू साड्यांचे काठ मोजत होता. म्हणून पुढचं सांगतो.

आधी मोकळी जागा कशी भरली ते. रात्रभर विचार करावा लागेल असं वाटलं होतं, मालुबाईने भाजी निवडता निवडता सोडवलं. "मंथन जन्मला तवा तुमी माझं तोंड बी बघितलं नव्हतं," म्हणाली. "मामा आधी झालासा, बाप मागनं. त्यात काय इचारायचं?" मी मामाला जास्त वजन दिलं आणि खाली तुझी ती ओळ, "आता मागचा नियम लावा." वराकडचे वर, ही पत्रिकेची रीतही पाळली गेली. पिवळी पट्टी आली नाही. एक गंमत मात्र झाली. वधूच्या मामाच्या नियमाखालीही मी तीच ओळ लावली होती. राणीचा मामा नागेंद्र, त्याला मागचा नियम म्हणून तुझा "कुणीही असो" वाला लागला आणि तो मामा म्हणून वर आणि "समस्त आप्तेष्ट" म्हणून खाली, असा दोनदा छापला गेला. मी काढायला गेलो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी, वजन पडतंय." राहू दिला. पुढच्या पत्रिकेआधी तेवढं बघ.

आता मांडव. भटजी शेवटपर्यंत कुरकुरत होते. मी नवा कोट घालून मंथनच्या मागे उभा राहिलो. अंतरपाटाचं एक टोक ज्योतिबाच्या हातात. त्याचा कोट त्याच्या अंगावर असा होता की पाटापेक्षा तोच जास्त हलत होता. पलीकडे राणीचं फक्त मुंडावळीचं टोक दिसत होतं. मंथनच्या खांद्यावर हात ठेवला. कानात म्हणालो, "घाबरू नकोस, सासरा चांगला आहे." तो म्हणाला, "मामा, हसवू नका, फोटो निघतायत."

मंगलाष्टकं चालू असतानाच कन्यादानाची तयारी झाली, आणि कुणीतरी माईकवर ओरडायला लागलं, "वधूपिता कुठं आहेत? वधूपित्यांनी ताबडतोब वधूच्या बाजूला यावं!" एकदा ओरडला, दोनदा ओरडला. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी एक पाय उचलला. तेवढ्यात जयवंता पुढच्या रांगेतून उठली. अक्षतांची मूठ तशीच धरून त्या माईकवाल्याला म्हणाली, आणि माईक चालू होता म्हणून सगळ्या कार्यालयाने ऐकलं: "जरा दम धर की रं! हितं माझा भाऊ उभा हाय. त्याचं झालं की मागनं तुमचा वधूपिता धाडते."

मी पाय खाली ठेवला. तीन दिवसांचं प्रशिक्षण तिने एका वाक्यात उरकलं, हे तुझ्या कंपनीला कळवू नकोस.

शेवटची अक्षता पडली, पाट खाली आला, आणि मी मंथनच्या मागून निघून, ज्योतिबाच्या कोटाला वळसा घालून राणीजवळ जाऊन उभा राहिलो. अंतर किती, चार पावलं. पण एका बाजूला माझ्या पाठीवर जयवंताचा हात होता आणि दुसऱ्या बाजूला राणीने माझं बोट धरलं, तेव्हा मला कुणी विचारलं असतं, तुम्ही कोण, तर मला सांगता आलं नसतं आणि त्याचं काही वाटलंही नसतं.

जेवणाच्या पंगतीत मारुतीराव भेटले. म्हणाले, "यायचं हं म्हणालो होतो, आलो बघ."

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडी निघताना जयवंताने काच खाली केली आणि तिळगुळाची पुडी माझ्या हातात ठेवली. संक्रांतीपासून वेगळी काढून ठेवलेली. दगडासारखा झालाय. रोज एक चघळतोय.

आता तुला एक काम सांगून ठेवतो, घाई नाही, पण पोरं आजकाल फार वेळ लावत नाहीत. उद्या बारशाची पत्रिका निघाली तर मी बाळाच्या आईचा बाप, म्हणून आजोबा. आणि बाळाच्या बापाचा मामा, म्हणूनही आजोबाच. दोन नियम, वजन सारखं, यंत्र पुन्हा पिवळी पट्टी दाखवेल. दाखवू दे. त्या दिवशी कोणताही जिंकला तरी चालेल. ती पट्टी मी न वाचता बंद करणार आहे.

तुझा
सुबरावकाका